पोथी मिटायची जागा

परवा त्या कादंबरीची नवी आवृत्ती हातात पडली. गुळगुळीत कव्हर, पांढराशुभ्र कागद, आणि प्रस्तावनेत कुणा विद्वानाने लिहिलेलं की या कादंबरीचा शेवट अजरामर आहे. मी तिथेच वाचन थांबवलं आणि पुस्तक टेबलावर आपटलं. सून आतून धावत आली, म्हणाली, "काय पडलं, आई?" म्हटलं, काही पडलं नाही, एक जुना राग आहे, तो अधूनमधून उठतो.

कादंबरीकाराचं नाव मी घेणार नाही. एक तर त्याचं नाव घ्यायला पुष्कळ लोक आहेत. दुसरं म्हणजे मला त्याच्याबद्दल लिहायचंच नाही. मला लिहायचंय ते अक्कांबद्दल, आणि त्यांचं नाव घेणारं आता माझ्याशिवाय फार कुणी उरलेलं नाही.

अक्का म्हणजे द्वारकाक्का. मंगळवार पेठेत आमच्या समोरचं घर त्यांचं. संस्थान नुकतंच विलीन झालं होतं, मी लग्न होऊन कोल्हापुरात आले होते आणि मुलींच्या शाळेत शिकवत होते. अक्कांचं माहेर निपाणीकडचं, त्यामुळे राग अनावर झाला की मराठीत मधेच कानडी घुसायचं. नवरा दरबारच्या कचेरीत होता. त्याने लग्नानंतर बायकोला वाचायला शिकवलं आणि लवकर वारला. मूलबाळ नाही. राग मात्र घरात मावत नसे. भाजीवालीवर राग, नळाच्या पाण्यावर राग, दुपारी दार वाजवणाऱ्यावर राग. एखाद्या दिवशी अक्कांचा आवाज कानावर आला नाही तर माझ्या सासूबाई म्हणायच्या, "बघून ये गं जरा, बऱ्या हाईत न्हवं अक्का?"

या बाईंच्या सोप्यात, म्हणजे घराच्या पुढच्या खोलीत, दुपारी गल्लीतल्या बायका जमायच्या. अक्का पोथी वाचायच्या आणि बायका हातातलं काम करत ऐकायच्या. कुणी डाळ निवडतंय, कुणी वाती वळतंय. पोथीचं पान उलटायला अक्का जिभेला बोट लावत नसत, उष्टं होतं म्हणून. शेजारी पाण्याची वाटी असे, तीत बोट बुडवायचं आणि पान उलटायचं. वाचताना कुणी कुजबुजलं की "साकु!" म्हणून ओरडायच्या. पुरे, गप बसा, एवढाच त्याचा अर्थ. निपाणीचं कानडी न येणाऱ्या बायकाही तो शब्द आपल्या घरी पोरांवर वापरायला लागल्या होत्या.

पोथी मिटायला जागा लागते. कुणी मेलं, कुणाला शाप मिळाला, कुणी रानात रडत बसलं, तिथे पोथी मिटायची नसते. पुढे वाचत जायचं, काही शुभ आलं की मगच मिटायची. हा रिवाज सगळेच पाळतात, पण सोयीने पाळतात. अक्का तो हट्टाने पाळायच्या. एकदा अभिमन्यू पडला होता आणि आत चुलीवर दूध होतं. जळल्याचा वास गल्लीभर झाला. शेजारची सरूबाई ओरडली, "अक्का, दूध!" अक्कांनी एक हात वर केला आणि वाचत राहिल्या. शुभ ओवी येईपर्यंत पातेल्याला भोक पडलं. नंतर मी म्हटलं, "अक्का, जाऊन पातेलं उतरवायला कितीसा वेळ लागला असता?"

"मेलेल्या पोराला तसंच टाकून उठू?"

"आणि दूध?"

"दूध उद्या बी मिळतंय की."

असंच एकदा देवळात पुराण चाललं होतं. पुराणिकबुवांनी सीतेला रानात सोडली, आणि तेवढ्यात पेठेतले कुणी बडे गृहस्थ आले म्हणून कथा थांबवून त्यांच्याशी बोलत बसले. शालीची, प्रकृतीची, मुलाच्या लग्नाची चौकशी सुरू झाली. अक्का बायकांतून उभ्या राहिल्या. "महाराज, दोन जिवांची पोरगी रानात एकली उभी हाय. आदी तिला कुटंतरी पोचवा, मग पावण्यास्नी काय इचारायचं ते इचारा." बुवांनी घाईघाईने सीतेला वाल्मीकींच्या आश्रमात पोचवलं. ते गृहस्थ पुढे कित्येक दिवस त्या देवळाकडे फिरकले नाहीत. अक्कांना त्याचं काहीच वाटलं नाही.

कादंबऱ्यांची सुरुवात माझ्यामुळे झाली. चातुर्मास संपला, पोथ्या संपल्या, बायकांना दुपार खायला उठली. मी वाचनालयातून आणलेलं पुस्तक अक्कांनी माझ्या हातातून ओढून घेतलं, दोन पानं वाचली आणि म्हणाल्या, "हितं बी माणसंच हाईत की." दुसऱ्या दिवसापासून माझ्या नावावर येणारं प्रत्येक पुस्तक आधी अक्कांच्या सोप्यात जायला लागलं. पाटावर पुस्तक, शेजारी पाण्याची वाटी. पहिले काही दिवस अक्का कादंबरीही ओवीच्याच चालीवर वाचायच्या. 'तो म्हणाला, चहा घेता का?' हे वाक्य मी त्या चालीत ऐकलंय आणि हसू दाबताना डोळ्यांतून पाणी काढलंय. पुढे चाल सुटली, रिवाज मात्र सुटला नाही. कादंबरीत शुभ जागा शोधणं अवघड. कुणी रुसलेलं, कुणी आजारी, कुणाचं पत्रच येत नाही. मग अक्का पुढे पुढे वाचत जायच्या आणि पुस्तकात कुणीतरी जेवायला बसलं की मिटायच्या.

आता शेवंताबद्दल सांगते, म्हणजे पुढचं नीट कळेल. शेवंता गडमुडशिंगीला दिलेली. नवऱ्याने दुसरी आणून घरात ठेवली आणि हिला भावाकडे आणून सोडली. भाऊ आमच्याच गल्लीत राहायचा. त्याच्या घरातलं सगळं काम ती करायची आणि वर दोन घास जास्त खाल्ले तर भावजय ताटाकडे बघायची. दुपारी ती डाळीचं सूप घेऊन अक्कांच्या उंबऱ्यापाशी बसे, आत येत नसे. माहेरी असताना ती पाच यत्ता शिकली होती. अक्कांनी ते हेरलं आणि मला फर्मान सोडलं, "मास्तरीणबाई, हिला फायनलला बसवायची." तेव्हा सातवीची ती परीक्षा पास झालं की प्राथमिक शाळेत नोकरी मिळे. भावाचं म्हणणं असं की शिकून ही गेली तर भाकऱ्या कोण थापणार? शेवंता स्वतः काहीच म्हणत नव्हती. हो नाही की नाही नाही.

त्याच सुमारास ही कादंबरी आली. तिची नायिका कुमुद. नवऱ्याने टाकलेली, भावाच्या दारी राबणारी. पहिल्या दिवशीच शेवंताचे हात सुपात थांबले. पुस्तक निम्मं झालं तेव्हा ती प्रथमच उंबऱ्याच्या आत येऊन बसली. आणि शेवटचं प्रकरण निघालं त्या दुपारी, अक्का बोट बुडवत होत्या तेवढ्यात, ती सगळ्यांसमोर म्हणाली, "आता कुमुदचं जे हुईल, त्येच माजं." कुणी हसलं नाही. आमच्याकडे बायका कौल लावतात ते असेच.

मी पुस्तक रात्री घरी नेऊन शेवटपर्यंत वाचलं होतं. अक्कांनी मात्र पुढचं पान कधीच आधी बघितलेलं नसे. त्याला त्या चोरी म्हणायच्या. कुमुद घरातून निघाली, तळ्याकाठी आली, पायऱ्या उतरली. पाणी गुडघ्याला लागलं. अक्कांचा आवाज जड झाला. पाणी गळ्याशी आलं. तळ्यातली कमळं हलली, मग हलायची थांबली, आणि प्रकरण संपलं. अक्कांनी सवयीने वाटीत बोट बुडवून पान उलटलं. पलीकडे केसांच्या तेलाची जाहिरात होती. मी बाजूलाच बसले होते, मला स्पष्ट दिसत होती. अक्कांनी ती बघितली, शेवंताकडे बघितलं, आणि पुन्हा जाहिरातीकडे बघून वाचायला लागल्या.

"तेवढ्यात काठावरून कुणीतरी हाक मारली, कुमुद!"

पुस्तकी भाषेत, एकदाही न अडखळता. काठावर धुणं धुणारी म्हातारी होती. तिने कुमुदला बाहेर ओढली, दोन थोबाडीत दिल्या आणि घरी नेऊन गरम भात वाढला. कुमुद जेवायला बसली, अक्कांनी पुस्तक मिटलं.

पण आता मिटून भागणार नव्हतं. बायका दुसऱ्या दिवशी हजर. मागे जाहिरातींची तीनच पानं होती: तेल, एक काढा आणि प्रकाशकाची आगामी पुस्तकं. तीच तीन पानं मागेपुढे उलटत अक्कांनी आणखी चार-पाच दुपारी कादंबरी वाचली. कुमुद फायनलला बसली, पास झाली, शाळेत लागली. भाऊ न्यायला आला तेव्हा तिने त्याला चहा पाजून परत पाठवला. मी एकदा बायका गेल्यावर विचारलं, "अक्का, हे काय चालवलंय तुम्ही?"

अक्का भडकल्या. "मग काय करू? मिटाया जागाच सोडली न्हाई त्या बाबानं! पान उलटलं तर तेल! मला मिटता येईना, मास्तरीणबाई. म्होरं जात ऱ्हायलो, तोंडातनं येत गेलं."

पोथीची होते तशी कुमुदचीही समाप्ती झाली. पुस्तकाला हळदकुंकू वाहिलं, आरती झाली, पेढे वाटले. वाचनालयात कव्हरावरचं कुंकू बघून ग्रंथपाल मला वाटेल ते बोलला. आणि शेवंताने त्याच आठवड्यात माझ्याकडून अंकगणिताचं पुस्तक नेलं.

पुढचं वर्षभर सगळं सुरळीत चाललं, आणि परीक्षेच्या थोडं आधी गावात बातमी आली की कादंबरीकार येणार. वाचनालयाच्या सभागृहात स्वतः वाचणार, नंतर रसिकांशी चर्चा करणार. सरूबाईने ती कुठून ऐकली देव जाणे. सगळी गल्ली निघाली. अक्का म्हणाल्या, कुणी जायचं नाही, तिथे बापये असतात. बायका म्हणाल्या, मग काय झालं? अक्का म्हणाल्या, त्याचं वाचन ऐकण्यासारखं नसतं. बायका म्हणाल्या, तुम्हाला काय ठाऊक? खरं काय ते सांगायची ही वेळ होती. अक्कांनी तोंड उघडलं, शेवंताकडे बघितलं आणि मिटलं. मग चार दिवस त्या गल्लीतल्या प्रत्येक माणसावर नुसत्या खेकसत होत्या.

बायकांनी जाताना खण-नारळ घेतला. कादंबरीकाराच्या बायकोसाठी असेल असं मला वाटलं. सरूबाई म्हणाली, "तिला कशाला? कुमुदला! पोरगी नोकरीला लागली, तिची ओटी भरायची ऱ्हायलीया. ह्यो तिचा बाप, ह्याच्याकडं दिऊ." तो खण-नारळ शेवंताच्या मांडीवर होता. द्यायचा मान तिचा.

पुरुष खुर्च्यांवर, बायका डावीकडे जाजमावर. अध्यक्ष कॉलेजातले एक प्राध्यापक. कादंबरीकार रेशमी झब्बा घालून आले होते. त्यांनी सांगितलं की मी शेवटचं प्रकरण वाचतो, कारण ते लिहिताना मी स्वतः रडलो होतो. सरूबाई माझ्या कानाशी म्हणाली, "आता नोकरी लागायचं वाचत्यात." अक्कांनी माझं मनगट धरलं ते शेवटपर्यंत सोडलं नाही.

वाचन सुरेख होतं. आवाज चांगला होता, कुठे थांबायचं ते कळत होतं. एवढं चांगलं वाचत होता याचाच मला जास्त राग येतो. कुमुद पायऱ्या उतरली, पाणी गळ्याशी आलं, कमळं हलली आणि थांबली. त्याने क्षणभर वर बघितलं आणि टप् आवाज करून पुस्तक मिटलं. पुरुषांनी टाळ्या वाजवल्या.

"ओ पावणं!" सरूबाई बसल्या जागेवरून ओरडली. "मिटलासा कशाला? म्होरलं वाचा की!"

तो हसला. "पुढे काही नाही, बाई. कादंबरी संपली."

"संपली कशी? त्या म्हातारीनं हाक मारायची हाय अजून. मग ती फायनलला बसती, शाळंत लागती. आमी पेढं वाटल्यात!"

सभागृहात हशा पिकला. तो म्हणाला, "तुम्ही दुसरं एखादं पुस्तक वाचलं असेल."

"ह्येच की! कुमुदच की ती! तुमीच लिवलंय आन् तुमीच इसारलाय व्हय?"

आता तर लोक खुर्च्यांवर मागे रेलून हसायला लागले. कुणीतरी ओरडलं, "बाई, लेखकाला शिकवू नका!" सरूबाईला घाम फुटला. ती वळली. "अक्का, सांगा की ह्यास्नी!"

अक्का उभ्या राहिल्या. मी त्यांचे नाना तऱ्हेचे राग पाहिले होते, पण त्या संध्याकाळी त्यांचा पहिला राग स्वतःवर होता, तो चेहऱ्यावर दिसत होता.

"सरू, खाली बस. पावणं खरं बोलत्यात. पुस्तकात ती मरती. म्होरलं सगळं मी रचलं."

बायकांच्या बाजूला चिडीचूप झालं. पुरुषांच्या बाजूला हशा चालूच होता. शेवंता माझ्या पुढ्यात बसली होती. तिने मान वळवली नाही. मला फक्त तिच्या मानेची शीर दिसत होती.

कादंबरीकाराने हात वर करून सभा शांत केली. मोठ्या मनाने. "ताई, तुमच्या भावना मी समजू शकतो. पण कुमुदचा अंत अपरिहार्य होता. कलेची तशी मागणी होती."

"कुणाची?"

"कलेची."

"तिनं मागितलं, आन् तुमी पोरगी दिलासा?"

प्राध्यापक हसत म्हणाले, "एवढं आहे तर बाई, तुम्हीच लिहा की एक कादंबरी!" पुन्हा हशा. त्या हसणाऱ्यांत माझ्या ओळखीचे चेहरे होते. एकाची मुलगी माझ्या वर्गात होती. त्याच्याकडे बघून मी पुढे कधी धड नमस्कार केला नाही.

"मला लिवाया येत न्हाई," अक्का म्हणाल्या. आवाज चढत गेला. "मला नुसतं वाचाया येतंय. पर एक सांगतो. माणूस मरतंय, न्हाई कोण म्हणतंय? मारा की. पन मेल्या माणसापाशी जरा बसावं लागतंय. तुमी तिला हाताला धरून पाण्यापतोर न्हेलासा, तितंच ठेवलासा, आन् पाय धुऊन घरला आलासा. टपकन मिटलासा!"

त्याचं हसू गेलं होतं.

"आता ह्या बायका घरला जाणार. अशा लावून दिऊ नका त्यास्नी. तुमच्याच पुस्तकात ती ल्हान असताना चिंचा पाडती. त्येवढं पान वाचा. मग उठतो आमी. म्होरलं माझं खोटं, त्ये माझ्याकडं लागलं. पर चिंचा तर तुमच्याच हाईत न्हवं?"

एक पान. वाचायला काय लागलं असतं? त्याने प्राध्यापकांकडे बघितलं, प्राध्यापकांनी घड्याळाकडे. वेळेअभावी चर्चा आवरती घेण्यात आली आणि आभाराला उभ्या राहिलेल्या गृहस्थांनी सांगितलं की काही भाबड्या भगिनींमुळे थोडा रसभंग झाला, तरी पाहुण्यांनी तो मोठ्या मनाने घ्यावा. भाबड्या! मी उठून काही बोलणार होते, पण मनगट अक्कांच्या हातात होतं. मग हार झाला, चहा झाला, आणि पाहुण्याला घेऊन मंडळी बाहेर पडली.

अक्का जाजमावर खाली बसल्या. माझ्या पिशवीतून वाचनालयाची प्रत काढून घेतली, ते चिंचेचं पान शोधलं आणि वाचायला लागल्या. सरूबाई उठली. दाराशी जाऊन वळली आणि म्हणाली, "ह्ये तरी खरं हाय का, का ह्ये बी तुमचंच?" आणि निघून गेली. तिच्यामागे एकेक बाई उठली. शेवंता सर्वांत शेवटी उठली. तिने खण-नारळ अक्कांसमोर जाजमावर ठेवला आणि गेली. अक्का थांबल्या नाहीत. कुमुदने चिंचा पाडल्या, ओच्यात भरल्या, आईने मीठ दिलं. शिपाई खुर्च्या गोळा करायला आला होता. तो मात्र उभा राहून ऐकत होता.

त्यानंतर अक्कांच्या सोप्यात कुणी येईना. माझा अक्कांवरही राग होता, लपवायचं कशाला? वर्षभर एका शब्दाने सांगता आलं असतं. पण बायकांवर त्याहून जास्त होता. आजारपणात यांच्या उशाशी बसायला अक्का, बाळंतपणात अक्का, भांडण सोडवायला अक्का, आणि चार दुपारींच्या खोट्यासाठी हीच माणसं रस्त्यात पदर ओढून घेऊन जायची. शेवंताच्या भावाला आयतंच निमित्त मिळालं. तो चौकात उभा राहून सांगायचा, "पुस्तकातली बी बुडालीच की! संपलं आता फायनल-बियनल."

आठवडाभराने मी अक्कांकडे बसले होते. दार धाडकन उघडून शेवंता आत आली. तिला इतक्या मोठ्याने बोलताना मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.

"का खोटं वाचलासा?"

"मिटता येईना," अक्का म्हणाल्या.

"खोटं! माझ्याकडं बघून वाचलासा तुमी. मी बघितलं नव्हतं व्हय?"

अक्का म्हणाल्या, "व्हय. तुझ्याकडं बघून."

"मी म्हटलोतो, तिचं हुईल त्येच माजं. वरीसभर त्याच्यावर जगलो मी. आता काय करू? रंकाळ्यात जाऊ?"

मला वाटलं अक्का तिला जवळ घेतील. पण घेणाऱ्यातल्या त्या नव्हत्याच. त्या उठून उभ्या राहिल्या आणि गल्लीला ऐकू जाईल असं ओरडल्या, "जा की! कोण आडवलंय? पर आदी परीक्षा दे. मग कुटं जायचं तितं जा!"

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. दोघींच्याही नाकपुड्या फुगलेल्या. मला भीती वाटली की आता हातघाईवर येतात. मग शेवंता मटकन खाली बसली, माझ्याकडे वळली आणि रागातच म्हणाली, "बाई, त्ये त्रैराशिक मला अजून येत न्हाई."

पहिल्या वर्षी ती गणितात नापास झाली. अक्का महिनाभर गणितावर संतापलेल्या होत्या. दुसऱ्या वर्षी पास झाली आणि पुढे कसबा बावड्याच्या शाळेत लागली. तिथेच खोली घेतली. भाऊ एकदा न्यायला गेला होता म्हणतात. त्याला चहा मिळाला की नाही ते मला माहीत नाही. ती नोकरीला लागली त्या दिवशी मी पेढे आणायला निघाले, तर अक्का म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या. एकदा वाटल्यात."

आज ती नवी आवृत्ती उलटीपालटी करून बघितली. कमळं थांबतात आणि पुस्तक संपतं. मागे एकही जाहिरात नाही. अजरामर म्हणे! कुमुद अजून पाण्यात आहे आणि हे लोक टाळ्या वाजवतायत.

अक्कांना मी शेवटचं पाहिलं ते शेवंता नोकरीला लागल्यानंतर पाच-सहा वर्षांनी, आमची बदली होऊन आम्ही कोल्हापूर सोडलं त्या आठवड्यात. मोतीबिंदूने त्यांची दोन्ही डोळ्यांची नजर गेली होती. आता शेवंता दर रविवारी बावड्याहून येऊन त्यांना वाचून दाखवायची. मी निरोप घ्यायला गेले तेव्हा वाचन चालू होतं. उंबऱ्याबाहेर सरूबाई शेंगा फोडत बसली होती. ती अक्कांशी अजून बोलत नव्हती, पण ऐकायला येत होती. मी दारातच थांबले.

वाचनालयातून माझ्याच नावावर आणलेली कुठली तरी कादंबरी होती. तिच्यातही शेवटी एक पोरगी क्षयाने मेली. शेवंता शाळेत मुलांना वाचून दाखवतात तशी स्वच्छ वाचत होती. जेवढं छापलंय तेवढं, एक शब्द जास्त नाही. ती थांबली.

"मिटू नगंस," अक्का म्हणाल्या.

"संपलं, अक्का."

"आसंल की काय तरी म्होरं."

"न्हाई. केसांच्या तेलाची जाहिरात हाय."

सरूबाईचे हात थांबले. अक्का चिडून म्हणाल्या, "मग ती वाच!"

शेवंताने वाटीत बोट बुडवून पान उलटलं आणि जाहिरात वाचायला लागली. तेल ब्राह्मीचं होतं. त्याने डोकं थंड राहतं, केस काळेभोर होतात, झोप शांत लागते. लहानमोठ्या सर्वांना चालतं. सगळ्या चांगल्या दुकानांत मिळेल.

अक्कांनी हात जोडले.

"हां," त्या म्हणाल्या. "आता मीट."